गोळी घेतली का?

वासंतीला विमानात बसवून आल्याला त्या शुक्रवारी सात आठवडे होत होते, आणि या सात आठवड्यांत सतीश आठल्ये यांना एकच प्रश्न, अगदी हात राखून मोजलं तरी, हजारभर वेळा विचारला गेला होता.

"गोळी घेतली का?"

सकाळी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला दार उघडावं, तर समोरच्या फ्लॅटमधली अर्चना लेकीच्या वेणीला रबर लावता लावता विचारायची, "काका, गोळी?" जिना उतरावा, तर दुसऱ्या मजल्यावरच्या बेटीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक यायची, "भाऊ, टॅबलेट झाली ना? आणि काल फास्टिंग किती होती?" खाली रस्त्यावर यावं, तर इमारतीच्या पोटातच नूरुद्दीनचं किराण्याचं दुकान. तो ब्रेडचे ट्रे उतरवून घेत असायचा. ट्रेच्या आडून फक्त आवाज यायचा, "सतीश साब, दवा खाया?"

सतीशचं वय अठ्ठावन्न. त्यातली सव्वीस वर्षं अल कुसैसच्या एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून नटबोल्टांच्या संगतीत गेलेली. दर शुक्रवारी संध्याकाळी घरात कीर्तन करायचं, पंधरा-वीस माणसं जमवायची, हा त्याचा एकच षोक. वडील राजापूरकडचे नावाजलेले कीर्तनकार. त्यांचा आवाज सतीशकडे आला होता आणि त्यांची साखरही. आवाजाबद्दल कुणी रोज विचारत नसे.

दोष द्यायचा तर वासंतीला द्यायला हवा, पण ती बिचारी काव्याच्या बाळंतपणाला नाशिकला गेली होती. लेकीची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला जे झालं त्याचं नाव दोन्ही घरांत कुणी काढत नव्हतं. नवऱ्याला एकटं सोडायचं वासंतीच्या जिवावर आलं होतं, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तिने साऱ्यांना चहाला बोलावून सभाच घेतली.

"यांना मी तुमच्या पदरात टाकून चाललेय," ती म्हणाली. "हे स्वतःहून काही सांगायचे नाहीत. विचारावं लागतं. विचारत राहा."

"डोन्ट वरी, वासंतीबाई," बेटी म्हणाली. "मी आहे ना मेडिकल लाइनमध्ये."

बेटी मूळची वसईची. दुबईत एका दाताच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसायची. तिचा नवरा फ्रँक हॉटेलात अकाउंट्स बघायचा आणि घरात बेटी सांगेल ते बघायचा. बेटीने लगेच पर्समधून एक पत्रक काढलं. कुठल्याशा मधुमेह शिबिरात वाटलेलं होतं, त्यावर लाल अक्षरांत सूचना होत्या. रुग्णाला घाम फुटला, हात थरथरले, तो गोंधळला, किंवा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देईनासा झाला, तर साखर एकदम खाली गेली आहे असं समजा. ताबडतोब साखर द्या. वाट पाहू नका. बेटीने त्याच्या झेरॉक्स काढून घरोघर वाटल्या. सतीशच्या फ्रिजवर तर तिने स्वतः चिकटवली. पाणी प्यायला गेलं की ती दिसायची, आणि सात आठवड्यांत एखादं पद पाठ व्हावं तशी त्याला ती पाठ झाली होती.

घराची दुसरी किल्ली नूरुद्दीनकडे ठेवली गेली. कारण त्याचं दुकान पहाटेपासून उघडं, आणि तो कधी कुठे जात नाही. बाकी नूरुद्दीनबद्दल कुणाला फारसं काही माहीत नव्हतं. केरळातल्या कासरगोडचा, वय साठीला टेकलेलं, दुकानामागच्या खोलीत एकटा राहतो, एवढंच.

तक्रार कुणाची आणि कशी करायची? सगळे मायेने विचारत होते. मायेच्या माणसांवर चिडता येत नाही, त्यामुळे सतीश नुसता दमत चालला होता. गोळी घेतली, असं म्हणून म्हणून त्याला असं वाटायला लागलं होतं की आपण मेल्यावर चित्रगुप्तसुद्धा वही उघडून आधी तेवढंच विचारणार.

तर, मूळ पदावर येऊ.

त्या शुक्रवारी एकादशी आली. सतीशचे वडील एकादशीला दुपारी बारापर्यंत मौन धरायचे. सतीशने दुबईत ते कधी पाळलं नव्हतं, पण या वेळी त्याने आदल्या रात्रीच देवापुढे हात जोडले. "रामराया, काव्याचे दिवस भरलेत. पोर सुखरूप सुटू दे. उद्या बारापर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही." हे झालं सांगितलेलं कारण. दुसरं कारण असं, की निदान एक सकाळ तरी त्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागणार नव्हतं. देवाला दोन्ही कारणं ठाऊक होती. सतीशने एकच सांगितलं.

शेजाऱ्यांना त्याने कळवलं नाही. व्रताचा डांगोरा पिटला की त्यातलं पुण्य जातं असं वडील म्हणत. शिवाय अर्चनाला सांगितलं असतं तर अख्खी इमारत मौन कसं दिसतं ते बघायला आली असती. सांगितलं फक्त वासंतीला, फोनवर.

"बरं," ती म्हणाली. "पण फोन वाजला तर उचला हं. इथलं काही सांगता येत नाही. मी बोलेन, तुम्ही नुसतं रिसीव्हरवर बोटाने वाजवा. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा."

सकाळी साडेसातला त्याने दूध घेतलं, भिजवलेले बदाम खाल्ले, गोळीही घेतली. मग आंघोळ करून, सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून तो देव्हाऱ्यासमोर बसला. दार बंद. एसीची घरघर सोडली तर शांतता. सव्वीस वर्षांत आपल्या घराला इतकी छान शांतता आहे हे त्याला कधी कळलं नव्हतं. तीन तास असे गेले की जणू कुणी खांद्यावरून गोणी उतरवून ठेवली.

पावणेअकराला फोन वाजला.

काव्या! सतीश धडपडत उठला आणि त्याने रिसीव्हर कानाला लावला.

"काका, गुड मॉर्निंग! आज आम्ही सगळे उशिरा उठलो ना, म्हणून विचारायचं राहिलं. गोळी घेतली का?"

सतीशने डोळे मिटले. आता ठेवून दिला तर ही पुन्हा फोन करणार. त्याने बोटाने रिसीव्हरवर एकदा वाजवलं. टक.

"हॅलो? काका, आवाज येत नाहीये."

टक.

"काका, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

टक. यात खोटं काहीच नव्हतं.

"काका, तुम्ही पडलायत का?"

टक टक, सतीशने घाईघाईने वाजवलं.

पलीकडे अर्चनाने रिसीव्हर टाकला. मग तिचा आवाज आला, पण तो फोनमधून नव्हे, बंद दारातून आणि पॅसेजमधून. "बेटी आँटीऽऽ! काका खाली पडलेत आणि रिसीव्हर नुसता आपटतोय!"

पुढची पाच मिनिटं सतीश दाराआडून जिन्यातली पळापळ ऐकत बसला. उठून दार उघडावं असं त्याला वाटलं. पण उघडून सांगणार काय आणि कसं? न उघडलं तर कंटाळून जातील, असं त्याला वाटलं. सव्वीस वर्षं शेजारी राहून माणूस किती भाबडा राहू शकतो ते बघा.

कुलपात किल्ली फिरली. आधी नूरुद्दीन आत आला, धापा टाकत. पाठोपाठ गाऊनवर ओढणी घेतलेली बेटी, हातात पत्रक. मग अर्चना, तिची नऊ वर्षांची मिहिका, आणि सर्वांत शेवटी अर्धी दाढी केलेला फ्रँक.

सतीश देव्हाऱ्यासमोर पाटावर ताठ बसला होता.

"पडले नाहीयेत," अर्चना म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेबरोबर थोडी निराशाही होती.

"थांब. पडलं नाही म्हणजे झालं असं नसतं." बेटी त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्याने म्हणाली, "भाऊ! तुमचं नाव काय?"

सतीशने हात जोडले.

"आज वार कुठला?"

सतीशने ओठांवर बोट ठेवलं.

"तोंडाकडे बोट दाखवतायत. साखर मागतायत! अर्चना, साखरेचा डबा!"

सतीशने जोरजोरात मान हलवली आणि देवाच्या तसबिरीकडे बोट केलं.

"आता देवाकडे दाखवतायत," अर्चनाला रडूच कोसळलं. "काका, असं नका ना करू. वासंतीकाकूंना मी काय तोंड दाखवू?"

सतीशने कपाळावर हात मारून घेतला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, दोन्ही हातांची दहा आणि वर दोन बोटं दाखवली. अकरा वाजत आले होते.

"घड्याळ..." फ्रँक पुटपुटला. "वेळ भरली म्हणतायत का?"

"काका, असं बोलू नका हो!"

"अगं, बोलत नाहीयेत हाच तर प्रॉब्लेम आहे," बेटी म्हणाली.

"मम्मी," मिहिका शांतपणे म्हणाली, "मेबी ही जस्ट डझन्ट वॉन्ट टू टॉक."

"मिहिका, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही!"

समोर टेबलावर पेन होतं. सतीशला ते दिसलं आणि वडीलही आठवले. लिहून सांगणं म्हणजे मागच्या दाराने बोलणं, असं ते म्हणायचे, आणि मौनात पाटीला हात लावत नसत. पण वडिलांच्या समोर कधी बेटी बसली नव्हती. सतीशने मनात त्यांची माफी मागितली आणि हात पेनाकडे नेला. रागाने तो थोडा थरथरत होता.

"हात थरथरतोय!" बेटीने तो वरच्यावर पकडला. "बघा, पत्रकात आहे तस्सं! साखर आण, वाट बघू नका लिहिलंय!"

वासंतीने साखरेचा डबा माळ्यावर दडवून ठेवलेला. तो कुणाला सापडेना. नूरुद्दीन "दो मिनट" म्हणून चार मजले खाली पळाला, कारण लिफ्टवर शुक्रवारच्या दुरुस्तीची पाटी लागली होती. तो ग्लुकोजचे दोन पुडे आणि आंब्याच्या रसाचा डबा घेऊन चार मजले वर आला. सतीशने प्रतिकार म्हणून दात आवळले. बेटीने पत्रकात नसलेली युक्ती केली. तिने त्याचं नाक दाबलं.

पहिला चमचा आत गेला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या वेळी त्याने हाताने चमचा ढकलला, त्यामुळे अर्धा चमचा ग्लुकोज त्याच्या बोटांवर सांडलं आणि उरलेलं मिशीत गेलं. एकादशीच्या दिवशी, सात आठवडे साखरेचा एक दाणा तोंडात घातलेला नसताना, सतीश आठल्ये साखर गिळत होता आणि मनात म्हणत होता, रामराया, काव्या सुटू दे. आता व्रत मोडलं आणि तिकडे काही कमीजास्त झालं, तर जन्मभर तोंड उघडायची लाज वाटेल. दमलेला माणूस एकदा हट्टाला पेटला की मग त्याला दमही लागत नाही.

"अजून बोलत नाहीत," अर्चना म्हणाली.

"मशीन कुठाय?" बेटीला आता आठवण झाली. "शुगरचं मशीन!"

मशीन सापडलं. एकेक पट्टी चार दिरहमची, म्हणजे पन्नास रुपये नुसता रक्ताचा थेंब पुसायला, असं म्हणत सतीशने पट्ट्या जपून ठेवल्या होत्या. बेटीने त्याचं बोट धरून टोचलं. नेमकं तेच बोट, ज्यावर ग्लुकोज सांडलं होतं. थेंब पट्टीवर गेला, मशीनने विचार केला, आणि आकडा आला. चारशे बारा.

"अरे जेजू!" बेटी मागे सरकली. "आता हाय झाली!"

"पण आत्ता तर लो होती ना?"

"लोची हाय झाली. हे जास्त डेंजर. फ्रँक, गाडी काढ! दवाखान्यात न्यायला हवं."

"अगं, पण बेटी, एक मिनिट ऐक..."

"यल्ला, फ्रँक, चल!"

फ्रँक अर्ध्या दाढीनिशी खाली गेला, गाडी दारात लावली आणि परत वर आला. नूरुद्दीन स्वतःहून पुन्हा खाली पळाला आणि दुकानातली आपली हातांची खुर्ची घेऊन आला, कारण चारशे बारा असताना माणसाला चालवायचं नाही असं बेटीने ठरवलं होतं. अर्चनाने फोनजवळ मिहिकेला बसवलं. "इंडियातून फोन आला तर काही सांगू नकोस. म्हणायचं, अंकल बाथरूममध्ये आहेत."

"बट ही इज ऑन अ चेअर."

"मिहिका!"

सतीशला खुर्चीत बसवलं गेलं. एका बाजूने फ्रँक, दुसऱ्या बाजूने नूरुद्दीन, पुढे पत्रक फडकवत बेटी आणि मागून डोळे पुसत अर्चना, अशी सोवळ्यातल्या माणसाची पालखी जिन्यात निघाली. त्याच्या मांडीवर ग्लुकोजचा दुसरा पुडा होता. गरज पडली तर असू दे म्हणून बेटीनेच ठेवला होता. चारशे बाराला त्याची काय गरज पडणार, हे विचारायला सतीशला तोंड नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर त्याने चिडून डोळे मिटून घेतले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची एका बाजूला कलली तेव्हा उघडले.

नूरुद्दीनचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. एसी नसलेल्या जिन्यात सगळ्यांनाच घाम आला होता, पण नूरुद्दीनच्या कपाळावर तो मणी ओवावेत तसा उभा होता, आणि ओठ पांढरे पडले होते. खुर्चीच्या दांड्यावरची त्याची बोटं लटलट कापत होती.

"भाई, थोडा ऊपर उठाओ," फ्रँक म्हणाला.

नूरुद्दीनने त्याच्याकडे अनोळखी नजरेने बघितलं. "दुकान... उम्मा, दुकान बंद कर दिया?"

"मैं फ्रँक है, भाई."

"हां, उम्मा," नूरुद्दीन आईशी बोलावं तसं म्हणाला, आणि खुर्ची सोडून हळूच पायरीवर बसला.

"दमला बिचारा," बेटी म्हणाली. "तीन वेळा वरखाली केलं. फ्रँक, तू एकटा ओढ आता. चल चल, भाऊंची हालत बघ."

घाम. थरथर. गोंधळ. विचारलेलं एक, उत्तर भलतंच. सतीशच्या डोळ्यांपुढे फ्रिजचं दार उभं राहिलं. लाल अक्षरं. सात आठवडे पाणी पिताना वाचलेली.

फ्रँकच्या मनगटावरचं घड्याळ त्याला दिसत होतं. बाराला दहा कमी. दहा मिनिटं! वडील, काव्या, नाशिकचं इस्पितळ, सगळं एका क्षणात डोक्यात आलं. दहाच मिनिटं. तेवढ्यात नूरुद्दीनची मान छातीवर कलली.

"नूरुद्दीनभाई!" सतीश ओरडला. "गोळी खाया? और नाश्ता? नाश्ता किया क्या?"

मग बेटीने हात वर केले.

"बोलले! भाऊ बोलले! थँक गॉड!"

"काका बोलले!" अर्चना हुंदके देत म्हणाली. "काका, तुमचं नाव सांगा बरं?"

"माझं नाव गेलं खड्ड्यात! माझ्याकडे काय बघताय, त्याच्याकडे बघा!"

सतीश खुर्चीतून उडी मारून उतरला. मांडीवरचा पुडा त्याने दातांनी फाडला, नूरुद्दीनच्या शेजारी पायरीवर बसला, त्याची मान हातावर घेतली आणि चिमूट चिमूट ग्लुकोज त्याच्या ओठांच्या आत सोडत राहिला. "गिळो भाई, गिळो. हळू हळू. मेरेको मालूम है. ये सब मेरेको पाठ है."

बेटीच्या हातातलं पत्रक खाली पडलं. तिने ते उचललं, नूरुद्दीनकडे बघितलं, परत पत्रक बघितलं, आणि घडी घालून ते मुठीत धरलं.

पाच-सात मिनिटांत नूरुद्दीनच्या डोळ्यांत ओळख परत आली. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"सुबह टॅबलेट खाया था," तो ओशाळून म्हणाला. "शुक्रवार को नाश्ता नहीं करता. नमाज़ के बाद एक साथ खाना खाता. आज थोड़ा ज़्यादा सीढ़ी हो गया."

"कितने साल से शुगर है?"

"नौ साल."

"नऊ वर्षं!" अर्चना म्हणाली. "और किसी को बताया नहीं?"

"किसको बोलेगा, बेटा? गाँव में बोलेगा तो घरवाली बोलेगा, वापस आ जाओ. इधर..." तो जरा थांबला आणि हसला. "इधर कोई पूछा नहीं."

हे त्याने कुणाला टोचून म्हटलं नव्हतं. तो नुसतं खरं सांगत होता. पण चौघंही जिन्याच्या फरशीकडे बघायला लागले. रोज सकाळी ब्रेडच्या ट्रेआडून येणारा आवाज सतीशला आठवला. दवा खाया? त्या प्रश्नाला कंटाळून कंटाळून त्याने तोंड बंद केलं होतं, पण उलट तोच प्रश्न त्या माणसाला विचारावा असं त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"अंकल!" वरून मिहिकेचा आवाज आला. "आँटी ऑन द फोन! आय टोल्ड हर यू आर इन द बाथरूम, अँड शी सेड ओके, शी विल वेट!"

आणि मग चारशे बारा साखर असलेला, चालवायला मनाई केलेला रुग्ण सोवळं गुडघ्यापर्यंत वर धरून दोन जिने एका दमात चढून गेला.

"अहो, बोलू नका!" वासंती घाईने म्हणाली. "बारा वाजायचेत तुमचे. नुसतं वाजवा. गोळी घेतली का?"

सतीशने घड्याळ बघितलं. दोन मिनिटं होती. मोडलेलं व्रत दोन मिनिटं पुन्हा धरलं तर चालतं का, हे विचारायला वडील नव्हते. त्याने वाजवलं. टक.

"मुलगी झाली हो. दोघी सुखरूप. काव्या हसतेय. पाऊण वाजता झाली, इथल्या पाऊणला. ऐकलंत ना?"

टक.

सतीश भिंतीला टेकला. दुबईतल्या प्रत्येक माणसाची बोटं करतात तशी त्याच्या बोटांनी आपोआप दीड तासाची वजाबाकी केली. इथले सव्वाअकरा. मौन तेव्हा अखंड होतं. आणि बेटी त्याचं नाक दाबून पहिला चमचा तोंडात घालत होती.

नात झाल्याची साखर त्याला बातमीच्या पाऊण तास आधी मिळाली होती. तीही चार चमचे. देवाघरी हिशेब कुठल्या घड्याळाने चालतो कोण जाणे, पण उशीर झालेला नव्हता.

"अहो, वाजवा ना! आनंद झाला ना?"

सतीशने वाजवलं. एकदाच. पण बोट उचलायला त्याला बराच वेळ लागला.

संध्याकाळी कीर्तन झालं नाही, कारण कीर्तनाला जमलेल्या पंधरा-वीस जणांना सकाळची हकीकतच दोनदा सांगावी लागली, टकटक करून दाखवण्यासकट. सतीशने हात स्वच्छ धुऊन पुन्हा साखर मोजली. एकशे अठ्ठेचाळीस. चारशे बारातले बाकीचे आकडे बोटाला लागलेल्या ग्लुकोजचे होते, हे बेटीने दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विचारून घेतलं आणि इमारतीत असं सांगितलं, की जणू तो शोध तिनेच लावला. मग तिने त्या पत्रकाची आणखी एक झेरॉक्स काढली आणि नूरुद्दीनच्या काउंटरमागे, बिस्किटांच्या फळीवर चिकटवली.

तेव्हापासून प्रश्नाचं तोंड फिरलं. सकाळी शाळेच्या बसला जाताना अर्चना दुकानात डोकावून विचारायची, "चाचा, गोळी?" बेटी दही घ्यायला यायची आणि फास्टिंगचा आकडा घेऊन जायची. फ्रँक काही विचारायचा नाही, पण बेटीने सांगितलंय म्हणून दारात उभा राहायचा. सतीश रोज सातला, ऑफिसला जाण्याआधी. पहिल्या आठवड्यात नूरुद्दीनला फार बरं वाटलं. प्रत्येकाला तो छातीवर हात ठेवून "खाया, खाया" म्हणायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या चेहऱ्यावर सतीशला ओळखीचं काहीतरी दिसायला लागलं.

पुढच्या एकादशीला सतीश सातला दुकानात शिरला. नूरुद्दीन मसुराची डाळ तोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"नूरुद्दीनभाई, गोळी खाया?"

नूरुद्दीन डाळ तोलत राहिला. सतीशने पुन्हा विचारलं. नूरुद्दीनने थकल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, डावं बोट ओठांवर ठेवलं आणि उजव्या बोटाने काउंटरच्या काचेवर वाजवलं.

टक.

सतीशला हसू आलं. ते त्याने मिशीत दाबलं.

"और नाश्ता?"

या वेळी बोट जरा वेळ हवेतच राहिलं. बाहेर शाळेची बस थांबली, निघून गेली.

टक टक.

सतीशने पिशवीतून जेवणाचा डबा काढला, काउंटरवर ठेवला आणि त्यातल्या राजगिऱ्याच्या दोन भाकऱ्यांपैकी एक नूरुद्दीनच्या पुढे सरकवली. मग दोघेही, कुणी काही न विचारता, उभ्यानेच खायला लागले.